बेपत्ता : व्हेरा अ‍ॅटकिन्सच्या मागावर आठ दिवस

1944 च्या पावसाळ्यात आमच्या घरी एक तार आली. थोरले आजोबा मराठा पलटणीत होते, तेव्हा इटलीत लढत होते. तार इंग्रजीत. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी ती वाचली आणि एवढंच सांगितलं, ‘सापडत नाहीत म्हणे.’ पुढे दुसरा कागद आला, पेन्शनही सुरू झाली. पण थोरल्या आजीनं कुंकू पुसलं नाही. ती गेली 1991 साली, तोवर दर वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालत होती. गावातल्या बायकांना हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हा पेच पडायचा. काही बोलवायच्या, काही टाळायच्या. ‘बेपत्ता’ या शब्दाचं वजन मी लहानपणापासून तिच्या कपाळावर पाहिलं आहे.

मी स्वतः तारखात्यात नोकरी केली. 1976 साली साताऱ्यात तारबाबू म्हणून लागलो तेव्हा मोर्सची कट्टकडकट्ट अजून चालू होती. निवृत्तीनंतर महायुद्धातल्या वायरलेसवाल्यांबद्दल वाचता वाचता व्हेरा अ‍ॅटकिन्स हे नाव समोर आलं. ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेत फ्रान्स विभागाची गुप्तवार्ता अधिकारी. तिच्या विभागानं चारशेहून जास्त माणसं शत्रूच्या मुलुखात उतरवली. युद्ध संपलं तेव्हा 118 जणांचा पत्ता नव्हता. ही बाई त्यांना शोधायला निघाली आणि एक सोडून बाकी 117 जणांचं काय झालं ते तिनं शोधून काढलं. हे वाचल्यावर मला काही सुचेना. लेक रेडिंगला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, ‘बाबा, या तुम्ही. व्हिसाचं मी बघते.’ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो.

पहिला दिवस : बेकर स्ट्रीट

बेकर स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडणारे बहुतेक लोक शेरलॉक होम्सच्या घराकडे वळतात. मी उलट्या बाजूला, दक्षिणेकडे चालत गेलो. 64 नंबरच्या इमारतीवर एक हिरवी गोल पाटी आहे. स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एसओई, या संघटनेचं मुख्यालय इथे होतं असं तिच्यावर लिहिलंय. 1940 च्या जुलैत ही संघटना उभी राहिली. जर्मनांनी व्यापलेल्या देशांत माणसं उतरवायची, स्थानिक लोकांना शस्त्रं पुरवायची, रेल्वे आणि कारखाने उडवायचे, हे तिचं काम. युद्धाच्या काळात या दारावर भलतंच नाव होतं, कसल्याशा संशोधन कार्यालयाचं.

व्हेरा इथे 1941 मध्ये सेक्रेटरी म्हणून आली. जन्म 1908 चा, रुमानियातल्या गालाट्सी या डॅन्यूबकाठच्या बंदरात. वडील जर्मन ज्यू, आडनाव रोझेनबर्ग. आईचं माहेरचं आडनाव अ‍ॅटकिन्स, तेच तिनं पुढे लावलं. शिक्षण स्वित्झर्लंड, पॅरिस, लंडन असं फिरत झालं, त्यामुळे फ्रेंच आणि जर्मन अस्खलित. बुखारेस्टमध्ये तेल कंपनीत नोकरी केली आणि 1937 मध्ये आईबरोबर इंग्लंडला आली. महायुद्धात रुमानिया जर्मनीच्या बाजूनं उतरला. म्हणजे इंग्लंडच्या कायद्यानं ही शत्रुराष्ट्राची नागरिक! ब्रिटिश नागरिकत्व मिळालं ते थेट फेब्रुवारी 1944 मध्ये. तोवर तिनं कितीतरी माणसं विमानात बसवून दिली होती. फ्रान्स विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर. हळूहळू त्यांच्या खालोखाल सगळ्यांना माहीत असलेलं माणूस म्हणजे ‘मिस अ‍ॅटकिन्स’.

तिथून पाच-सात मिनिटांवर पोर्टमन स्क्वेअर. तिथल्या ऑर्चर्ड कोर्ट या इमारतीत विभागाचा एक फ्लॅट होता. हेर मुख्यालयात येत नसत, त्यांना या फ्लॅटवर भेटायला बोलवत. एकाला दुसऱ्याचं खरं नाव कळू नये म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत बसवत. जागा कमी पडली की काही जण चक्क काळ्या फरशीच्या न्हाणीघरात वाट बघत बसायचे. व्हेरा इथे त्यांची शेवटची तपासणी करायची. कोटाच्या आत लंडनच्या शिंप्याचं लेबल नाही ना, खिशात बसचं तिकीट राहिलं नाही ना, शिवण फ्रेंच पद्धतीची आहे ना. फ्रान्समध्ये सध्या कोणत्या दिवशी काय रेशनवर मिळतं, कोणते नवे परवाने लागतात, हे ती रोज वाचून ठेवायची, कारण चुकीच्या दुकानात चुकीची वस्तू मागितली तरी माणूस पकडला जायचा.

तिच्या कामातली एक गोष्ट मला जास्त लागली. जाणारी माणसं घरच्यांसाठी आधीच पत्रं लिहून तिच्याकडे ठेवून जात. ती पत्रं ती अधूनमधून पोस्टात टाकायची, शिवाय स्वतःही कळवायची की तुमची मुलगी, तुमचा मुलगा खुशाल आहे. खात्यात असताना अशा ‘खुशाल’च्या हजारो तारा मी पाठवल्यात. त्या पाठवणाऱ्याला तरी खात्री असायची.

संध्याकाळी ब्लूम्सबरीत गेलो. गॉर्डन स्क्वेअरच्या बागेत नूर इनायत खानचा अर्धपुतळा आहे, 2012 मध्ये उभारलेला. नूर ही व्हेराच्या विभागानं फ्रान्सला पाठवलेली वायरलेसवाली. नूरचे वडील हजरत इनायत खान मूळचे बडोद्याचे, सयाजीरावांच्या काळातले. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा काढली होती. बागेतून दोन मिनिटांवर 4, टॅव्हिटन स्ट्रीट. साधं विटांचं घर, 2020 मध्ये लावलेली निळी पाटी. फ्रान्सला जाण्यापूर्वीचा नूरचा लंडनमधला पत्ता हा. तो मी वहीत उतरवून घेतला.

दुसरा दिवस : क्यू

राष्ट्रीय अभिलेखागार लंडनच्या पश्चिमेला क्यूमध्ये आहे. वाचकाचं कार्ड काढलं, सामान लॉकरमध्ये ठेवलं, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. एसओईच्या माणसांच्या व्यक्तिगत फायली ‘एचएस 9’ या मालिकेत आहेत. नूरची फाईल मागवली होती, ती आली. फोमच्या उशीवर ठेवून एकेक पान उलटायचं.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या अहवालात एका अधिकाऱ्यानं लिहिलंय की बुद्धीचं फार ओझं नाही, पण मेहनती आहे. बकमास्टरांनी त्याला ‘निव्वळ मूर्खपणा’ असा शेरा मारलाय. पेन्सिलीचा शेरा अजून स्पष्ट दिसतो. एका मुलीच्या जिवाचा निकाल असा समासातल्या शेऱ्यावर लागतो हे बघून मी पान उलटायचं थांबलो. पाठवायला नको होतं असं म्हणणारे होते, पाठवू या म्हणणारेही होते. वायरलेसवाले कमी पडत होते, हे खरं कारण.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा ‘हात’ वेगळा असतो. साताऱ्यात बसून मी पुण्याचा कोणता तारबाबू कळ दाबतोय ते पहिल्या दोन शब्दांत ओळखायचो. एकाचा डॅश लांब, एकाचा दोन अक्षरांत अडखळणारा. इंग्लंडमधल्या मुलीही आपापल्या हेराचा हात अशाच ओळखायच्या. पण हात नक्कल करता येतो. म्हणून प्रत्येकाला दोन खुणा ठरवून दिल्या होत्या. संदेशात ठरलेल्या ठिकाणी मुद्दाम करायची एखादी चूक, एखादं अक्षर बदललेलं. पकडला गेलास तर पहिली खूण शत्रूला सांग, दुसरी सांगू नकोस. दुसरी खूण नसलेला संदेश आला की लंडननं समजायचं, माणूस शत्रूच्या हातात आहे.

1943 च्या जूनमध्ये विभागाचं पॅरिसमधलं हेरांचं सगळं जाळं कोसळलं. गिल्बर्ट नॉर्मन हा वायरलेसवाला पकडला गेला आणि त्याच्या यंत्रावरून जर्मनांनी संदेश पाठवायला लावला. खरी खूण नव्हती. लंडनहून उत्तर काय गेलं? ‘तुझी खरी खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे.’ हे उत्तर जर्मनांच्या समोर उलगडलं. खात्यात पस्तीसएक वर्षं घालवलेल्या माणसाला हे वाचून काय होतं ते लिहून कळणार नाही. खूण नसणं हाच तर संदेश होता. त्या पोरानं जीव धोक्यात घालून तो पाठवला आणि घेणाऱ्यानं त्यालाच दटावलं.

व्हेरा त्या विभागात होती. युद्धानंतर या चुकांवर खूप टीका झाली, तेव्हा तिनं विभागाची बाजूच राखली. तिथे मी तिच्याशी सहमत नाही. मात्र तिनं पुढे जे केलं ते पाहून मला वाटतं, तिनं स्वतःला सोडलं नव्हतं.

तिसरा दिवस : टँगमियर

लेकीनं सुट्टी काढली आणि गाडीनं ससेक्समध्ये टँगमियरला नेलं. चिचेस्टरच्या जवळ, समुद्रापासून फार लांब नाही. जुन्या हवाई तळाच्या जागेवर आता काचेची प्रचंड हरितगृहं आहेत, आत सिमला मिरची पिकते. एका बाजूला विमानांचं छोटं संग्रहालय. फाटकासमोरची टँगमियर कॉटेज अजून उभी आहे, खाजगी घर आहे, म्हणून बाहेरूनच पाहिली. हेरांना रात्रीचं जेवण इथे मिळायचं आणि चंद्र वर आला की विमान.

लायसँडर हे विमान लहान, पंख वर बसवलेले, चाकं पुढे आलेली. पूर्ण काळोखात उडता यायचं नाही, म्हणून फक्त चांदण्या रात्री. पलीकडे फ्रान्समध्ये कुठल्यातरी शेतात तीन टॉर्च उलट्या एल आकारात लावून ठेवायचे, वैमानिक ते बघून उतरायचा. दोन-तीन मिनिटांत आतली माणसं बाहेर, बाहेरची आत, आणि परत हवेत.

16 जून 1943 च्या रात्री इथून दोन लायसँडर उडाली. त्यात नूर होती, डायना रौडन होती, सेसिली लफोर होती आणि चार्ल्स स्केपर. व्हेरा सोडायला आली होती. तिच्या कोटावर चांदीचा पक्षी असलेली पिन होती. नूरनं ती छान आहे म्हटलं, तर व्हेरानं काढून तिच्या हातात दिली. चौघांपैकी कोणीच परत आलं नाही.

कुंपणाच्या कडेला उभे असताना लेक म्हणाली, ‘बाबा, मला तुम्ही विमानतळावर सोडायला आला होतात, आठवतंय? आईनं गळ्यातली चेन काढून दिली होती.’ मला आठवत होतं.

चौथा दिवस : पॅरिस

सकाळच्या युरोस्टारनं पॅरिस. दुपारी अव्हेन्यू फॉशला गेलो. रुंद रस्ता, झाडं, श्रीमंतांची घरं. 84 नंबरच्या इमारतीत जर्मन गुप्त पोलिसांचं ठाणं होतं. आता तिथे लोक राहतात, बघण्यासारखं काही नाही. मान वर करून शेवटचा मजला तेवढा पाहिला. वरच्या कोठड्यांत कैदी ठेवायचे, खालच्या मजल्यांवर त्यांचीच यंत्रं वापरून लंडनशी खेळ चालायचा.

जाळं कोसळल्यावर लंडननं नूरला परत ये म्हणून कळवलं. ती आली नाही. पॅरिसमध्ये तिच्याशिवाय वायरलेस उरला नव्हता. यंत्राची सुटकेस घेऊन, घरं बदलत, साडेतीन महिने तिनं काम चालवलं. ऑक्टोबर 1943 मध्ये कोणीतरी पैशांसाठी तिला धरून दिलं. पाठवलेल्या संदेशांच्या नोंदी तिनं जपून ठेवल्या होत्या, त्या सापडल्या आणि तिच्या नावानं जर्मनांचे संदेश लंडनला जाऊ लागले. लंडनला ते खरे वाटले. फेब्रुवारी 1944 च्या शेवटी त्या संदेशांच्या भरवशावर काही जणांना पॅराशूटनं उतरवलं. खाली जर्मन उभे होते. त्यांत एक मादलेन दामरमाँ होती. हे नाव लक्षात ठेवा.

नूरनं दोनदा पळायचा प्रयत्न केला, एकदा तर छतावरून. नोव्हेंबरमध्ये तिला जर्मनीत पाठवलं. कागदावर शेरा होता, ‘नाख्ट उंड नेबेल’, रात्र आणि धुकं. हिटलरच्या 1941 च्या हुकमातले हे शब्द. असा कैदी कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे कोणालाही कळवायचं नाही. घरच्यांना नाही, रेडक्रॉसला नाही. माणूस नुसता मारायचा नव्हता, बेपत्ता करायचा होता. आमच्या थोरल्या आजोबांच्या बाबतीत निदान कुणी ठरवून तसं केलं नव्हतं.

पाचवा दिवस : व्हालाँसे

ब्लुआपर्यंत रेल्वे, पुढे भाड्याची गाडी. व्हालाँसे हे मध्य फ्रान्समधलं छोटं गाव. मोठा राजवाडा आहे, पिरॅमिडचं टोक कापल्यासारखं बकरीच्या दुधाचं चीज मिळतं. फ्रान्स विभागाचा पहिला माणूस, जॉर्ज बेगे, 5 मेच्या रात्री 1941 मध्ये याच परिसरात पॅराशूटनं उतरला. त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली तेव्हा, 6 मे 1991 ला, इथे स्मारकाचं अनावरण झालं. दोन उंच खांब, एक काळा, एक चकाकणारा, आणि मध्ये चंद्राची चकती. खाली विभागाच्या मेलेल्या 104 जणांची नावं : 91 पुरुष, 13 स्त्रिया.

मी सगळी नावं वाचली. तास लागला. पाऊस भुरभुरत होता. एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून माझ्याकडे बघत उभे राहिले, मग टोपी काढून निघून गेले.

सहावा दिवस : नात्सवायलर-स्ट्रुथॉफ

आदल्या रात्री स्ट्रासबुर्गला मुक्काम. सकाळच्या लोकलनं रोथाऊ स्टेशन, तिथून टॅक्सी वळणं घेत व्होज डोंगरात चढते. पाइनची झाडं, उंची सुमारे आठशे मीटर. महाबळेश्वरच्या वाटेसारखी हवा. आणि मग एकदम काटेरी तारा.

फ्रान्सच्या आजच्या भूमीवर जर्मनांनी बांधलेला छळछावणीचा हा मोठा तळ. 1941 मध्ये सुरू झाला तो जवळच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या खाणीसाठी. डोंगराच्या उतारावर भाताच्या खाचरांसारख्या पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीवर बराकींची जागा. बहुतेक बराकी आता नाहीत. वरच्या टोकाला स्मारक, खालच्या टोकाला दोन इमारती : तुरुंग आणि स्मशानभट्टी.

6 जुलै 1944 ला दुपारी चार बायकांना या मधल्या वाटेनं खाली नेलं. छावणी पुरुषांची, म्हणून सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्या कैद्यांत ब्रायन स्टोनहाउस होता, एसओईचाच पकडलेला वायरलेसवाला आणि व्यवसायानं चित्रकार. चित्रकाराची नजर. कुणाच्या हातावर फरचा कोट होता, कुणाच्या केसांना चौकड्यांची रिबीन, कुणाच्या हातात बॅग. त्यानं ते डोक्यात साठवून ठेवलं. रात्री त्या चौघींना एकेक करून फिनॉलचं इंजेक्शन दिलं आणि भट्टीत घातलं. त्यांतली निदान एक तेव्हा शुद्धीवर आली आणि तिनं ढकलणाऱ्याचं तोंड ओरबाडलं, अशी साक्ष पुढे खटल्यात झाली.

1946 च्या जानेवारीत एसओई बंद होत होती. व्हेरानं वरिष्ठांकडे धोशा लावून जर्मनीत जायची परवानगी मिळवली. स्क्वाड्रन ऑफिसरचा हुद्दा आणि बाड ओयनहाउझेनच्या ब्रिटिश मुख्यालयातलं एक टेबल. ती तुरुंगांत गेली, छावण्यांत गेली. पहारेकरी, तुरुंगातल्या जर्मन बायका, डॉक्टर, सुटलेले कैदी, एकेकाला समोर बसवून विचारत गेली. आउशवित्झ छळछावणीचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस याच्या चौकशीलाही ती हजर होती. स्टोनहाउसनं बायकांचं वर्णन केलं तेव्हा तिला कपडे आठवले, चेहरे आठवले. लंडनच्या त्या फ्लॅटवर लेबलं तपासणारी हीच बाई. शत्रूला संशय येऊ नये म्हणून केलेली तपासणी शेवटी मेलेल्यांची ओळख पटवायला उपयोगी पडली.

तिघी ठरल्या : आंद्रे बोरेल, व्हेरा ली, डायना रौडन. चौथी कोण? लहानखुरी, काळ्या केसांची. व्हेराला वाटलं, नूर. तसं तिनं नूरच्या घरी कळवलंही.

भट्टीच्या इमारतीत पाटी आहे. चौथं नाव नूरचं नाही, सोनिया ओल्शानेझ्कीचं आहे. जर्मनीत जन्मलेली ज्यू मुलगी, फ्रान्समध्येच कामाला घेतलेली, लंडनला कधी आलीच नव्हती. व्हेरानं तिला पाहिलंच नव्हतं, मग ओळखणार कशी? त्या पाटीसमोर माझ्याबरोबर फ्रेंच शाळेतली मुलं होती. एकानं चारही नावं मोठ्यानं वाचली, त्यांच्या बाईंनी सोनियाचा उच्चार दोनदा दुरुस्त केला.

टॅक्सीवाला फाटकाशी थांबला होता. परतताना आम्ही दोघंही बोललो नाही.

सातवा दिवस : कार्ल्सरूह आणि फोर्त्सहाइम

स्ट्रासबुर्गहून कार्ल्सरूह तासाभराच्या आत येतं. मे 1944 मध्ये फ्रान्स विभागाच्या आठ बायकांना पॅरिसहून इथल्या तुरुंगात आणलं होतं. इथूनच काही नात्सवायलरला गेल्या, काही पुढे. व्हेरानं इथल्या वॉर्डरबायकांना शोधून तारखा काढल्या. मी शहरात फार थांबलो नाही, लोकलनं फोर्त्सहाइमला गेलो.

घड्याळं आणि दागिन्यांचं हे गाव 23 फेब्रुवारी 1945 च्या एका बॉम्बहल्ल्यात जवळजवळ संपलं, सतरा हजारांहून जास्त माणसं मेली. तुरुंगाची इमारत बाहेरून पाहिली. नूर इथे दहा महिने होती, एकटी, हातापायांत साखळ्या. तिनं खरं नाव सांगितलं नव्हतं, नोरा बेकर म्हणायची. शेजारच्या कोठडीत फ्रेंच मुली होत्या. त्या सगळ्या जेवणाच्या कटोऱ्यांच्या बुडाला ओरखडून निरोप लिहायच्या आणि कटोरे वाटपात फिरायचे. एके दिवशी कटोऱ्यावर आलं : नोरा बेकर, 4 टॅव्हिटन स्ट्रीट, लंडन.

युद्धानंतर त्यांतली जिवंत राहिलेली योलांद लाग्राव्ह हिनं कळवलं की ही इंग्रज कैदी सप्टेंबर 1944 पर्यंत तुरुंगात होती. मग ती 6 जुलैला नात्सवायलरमध्ये कशी मरेल? व्हेराचा निष्कर्ष चुकला होता. घरी कळवून झालं होतं, खटला होऊन गेला होता, फाईल बंद करायला कोणी हरकत घेतली नसती. तिनं ती पुन्हा उघडली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा जबाब आला. अव्हेन्यू फॉशचा प्रमुख कीफर हाती लागला, त्याच्याशी ती स्वतः बोलली. नूरचं काय झालं ते ऐकून तो रडायला लागला, तेव्हा आपल्या दोघांत रडायचंच असेल तर ते मी रडेन, असं तिनं त्याला सुनावलं.

या बाईला मी मानतो ते या दुसऱ्या खेपेसाठी. तारेत अक्षर चुकलं तर आम्ही दुरुस्तीची तार स्वतःहून पाठवायचो. पण पत्ता चुकून दुःख एका घरी पोचलेलं असताना, ते परत काढून घेऊन नवं खरं दुःख द्यायला जाणं, याला छाती लागते.

आठवा दिवस : डाखाऊ

म्युनिकहून एस-बान ही लोकल, मग बसनं जुन्या छळछावणीपाशी. 13 सप्टेंबर. तारीख मी ठरवूनच घेतली होती. 1944 मध्ये याच दिवशी पहाटे इथे चौघींना गुडघ्यांवर बसवून मानेत गोळ्या घातल्या : नूर, योलांद बीकमन, एलियान प्लूमन आणि मादलेन दामरमाँ. नूरच्या नावानं गेलेल्या खोट्या संदेशांमुळे जी सापळ्यात उतरली, ती तिच्या शेजारी. भट्टीच्या इमारतीत चौघींची पाटी आहे. कुणीतरी ताजी पांढरी फुलं ठेवून गेलं होतं. माझ्याजवळ साताऱ्याहून आणलेलं हळदीकुंकू होतं पुडीत, पण तिथे वाहावं की नाही कळेना. हात जोडले आणि बाहेर आलो.

नूरला 1949 मध्ये जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा किताब मिळाला. व्हेरा पुढे विद्यार्थ्यांच्या देशोदेशीच्या अदलाबदलीचं काम करणाऱ्या कार्यालयात होती, 1961 मध्ये निवृत्त झाली आणि ससेक्समध्ये विंचेलसीला राहायला गेली. वारली 2000 च्या जूनमध्ये, 92 व्या वर्षी. 118 पैकी राहिलेला एक मोंटे कार्लोच्या जुगारघराकडे विभागाचे पैसे घेऊन गेला असावा, असं ती म्हणायची.

रात्री हॉटेलवर झोप येईना. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या यादीत थोरल्या आजोबांचं नाव शोधायचं हे मी कित्येक वर्षं पुढे ढकलत होतो. मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी पलटण, जुलै 1944, इटली. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंतराव घाडगे ज्या महिन्यात आणि ज्या पलटणीत लढून पडले, तीच. त्यांचीही कबर सापडलेली नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. आमच्या आडनावाची बरीच माणसं निघाली. गाव आणि तालुका बघत खाली आलो आणि सापडले. कासिनो स्मारक. पुढे एक ओळ : अमक्यांचा मुलगा, आणि मग, अमकीचे पती. राहणार आमचं गाव, तालुका खटाव, सातारा.

थोरल्या आजीचं नाव. ज्या बाईला गावानं सवाष्ण धरावं की नाही हे सत्तेचाळीस वर्षं ठरवलं नाही, तिचं नाव त्या यादीत ‘पती’ या शब्दाशेजारी लिहिलेलं होतं. फक्त स्पेलिंग चुकलं होतं, मधलं एक अक्षर गळलेलं.

भारतात पहाटेचे चार वाजले होते तरी दादाला फोन केला. सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आजीचं पेन्शनबुक आहे रे माझ्याकडे, ट्रंकेत.’ मी म्हटलं, ‘पहिल्या पानाचा फोटो काढून पाठव.’ उजाडेपर्यंत फोटो आला. दुरुस्तीचा अर्ज लिहिला, फोटो जोडला, तिचं नाव एकेक अक्षर सोडवून लिहिलं, आणि पाठवून दिला.